मज्जातंतू गोठला, धूळ तशीच!

जुनाट सर्दीवर अमेरिकेत 2017 पासून एक नवा उपचार उपलब्ध आहे. नाकाच्या मागील भागातील मज्जातंतू अतिशीत वायूने गोठवायचा; 2019 नंतर तो रेडिओलहरींच्या उष्णतेने निकामी करण्याचे साधनही आले. ना इस्पितळात मुक्काम, ना पूर्ण भूल. डॉक्टरांच्या खोलीतच काम आटोपते. विज्ञानाच्या या प्रगतीशी कोणाचेही भांडण नाही.

प्रश्न आहे तो ही प्रगती कोणाच्या दारी पोचते, हा. साधनांची मालकी खासगी कंपन्यांची. आणि त्याच देशात 2023 साली सुमारे 2 कोटी 60 लाख माणसे आरोग्यविम्यावाचून होती. बेकरीत पिठाच्या धुळीने ज्याचे नाक सतत वाहते, त्या कामगाराने काय करावे? पिठाच्या धुळीसाठी तेथील संघीय नियमांत स्वतंत्र मर्यादादेखील नाही. ती सर्वसाधारण धुळीतच जमा! धूळ शोषणारी यंत्रणा बसवण्याचा खर्च मालकाचा, नाक दुरुस्त करण्याचा खर्च मात्र कामगाराचा, असा हा न्याय.

उपचार हवाच, पण तो सार्वजनिक इस्पितळात, सर्वांना परवडेल असा. आणि त्याआधी कारखान्यातील हवा स्वच्छ हवी. धूळ कायम ठेवून केवळ मज्जातंतू गोठवणारी व्यवस्था रोग्याची नव्हे, रोगाच्या कारणाचीच शुश्रूषा करीत असते.