उसाची ट्रॉली आणि नववीचं गणित

गळीत हंगाम सुरू झाला की नगर-मनमाड रस्त्याचं रूपच बदलतं. राहुरी, लोणी, कोपरगाव, कुठंही जा. पुढं ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या आणि बाहेर लोंबणारा ऊस. कॉलेज सुटल्यावर बाइकवरून घरी जाणाऱ्यांना हे दृश्य पाठ आहे. संवेग अक्षय्यतेचा सिद्धांतही पाठ आहे, मार्कांपुरता. पण या दोन गोष्टी आपण कधी एकत्र मांडत नाही.

मांडून बघू. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. बाहेरून बल लागलं नाही, तर टकरीआधीचा आणि नंतरचा एकूण संवेग सारखाच राहतो. समजा, बाइक आणि चालवणारा मिळून 200 किलो, वेग ताशी 60 किमी. रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरसह भरलेल्या दोन ट्रॉल्या उभ्या, वजन 20 टन. अंधारात बाइक मागून आदळून तिथंच अडकली. ब्रेक आणि घर्षण सोडून दिलं, तरी सगळ्यांचा मिळून वेग उरतो ताशी जेमतेम 0.6 किमी. ट्रॉली हललीसुद्धा कळणार नाही. बाइकवाल्याचा मात्र ताशी 59 किमीहून जास्त वेग क्षणार्धात जातो.

असा अपघात झाला की आपण नशिबाला बोल लावतो. यात नशीब थोडं आणि गणित जास्त आहे. म्हणूनच यातलं बरंच काही बदलता येतं.

वेग 60 वरून 40 वर आणला, तर संवेग एक तृतीयांशाने घटतो आणि गतिज ऊर्जा निम्म्याहून जास्त. हेल्मेटच्या आतला फोम दबतो, डोकं थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो आणि तेवढं बल कमी होतं. ‘केस बिघडतात’ हे कारण या हिशोबात कुठंच बसत नाही.

पण सगळा भार पोरांवर टाकून चालणार नाही. ताशी 60 च्या वेगात बाइक सेकंदाला जवळपास 17 मीटर कापते. मागं दिवा नसलेली ट्रॉली दिसेपर्यंत ब्रेक दाबायलाही वेळ उरत नाही. टेललाइट आणि रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली कारखान्यांनी गव्हाणीवर घेऊच नये. पोलिस आणि आरटीओंनी हे हंगामाच्या पहिल्या दिवसापासून तपासावं, अपघातानंतर नव्हे.

आणि आपण? उद्या घरी जाताना हेल्मेट हँडलला नको, डोक्यावर हवं. मागं बसणाऱ्या मित्राच्याही.