विहिरींचा निवाडा

सावेडीची कूपनलिका आणि हिवरेबाजारची विहीर एकाच अवर्षणप्रवण जिल्ह्याच्या पावसावर जगतात. त्यांच्या नोंदींची मात्र गाठ पडत नाही. १९७२ साली स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. परंतु भूजलाचा अंदाज पाणलोटानुसार, पाऊस महसुली मंडळानुसार आणि उसाचा हिशेब कारखान्याच्या दप्तरी! हिवरेबाजारने पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला व त्यावरून पिके ठरविली. एका गावाला जे साधले ते जिल्ह्याला का साधू नये? दशकांच्या नोंदी एकत्र मांडल्या, तर विहीर अवर्षणाने आटली की उपशाने, याचा निवाडा होईल. तो ज्यांना अडचणीचा आहे, ते हे काम आपण होऊन करणार नाहीत. येत्या ग्रामसभांत कार्यकर्त्यांनी आपापल्या पाणलोटाच्या नोंदी लेखी मागाव्यात.