रानफुलांची हजेरी कोण घेणार?

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण तुम्हाला ठाऊकच आहे. पण हे तीन दिवस वर्षातले नेमके कोणते? मुळशी तालुक्यातल्या रिहे खोऱ्यात हा प्रश्न विचारलात, तर एखादी आजी सांगेल, “गौरी आल्या की तेरडा फुलतो.” उत्तर सुरेख आहे, पण विज्ञानाला ते पुरत नाही. गणेश चतुर्थी 2023 साली 19 सप्टेंबरला होती, तर 2025 साली 27 ऑगस्टला. अधिक महिना आला की सण पुढे सरकतात. तेरडा काही पंचांग पाहत नाही. मग तो पाहतो तरी काय?

आपल्या डोंगरउतारांवरच्या गवताळ माळांना दोन घड्याळे आहेत. पहिले पावसाचे. पांढऱ्या मुसळीचे अन्न जमिनीखाली मुळांत साठवलेले असते. जमीन भिजली की ती झटपट पाने काढते आणि फुलते. दुसरे घड्याळ सूर्याचे. पुण्याकडे 21 जूनच्या सुमारास दिवस सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरात अकरा तासांचा. काही वनस्पती दिवसाच्या लांबीनुसार फुलतात, हे गार्नर आणि अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1920 साली दाखवून दिले. तेरडा हा त्यांपैकीच. दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागली की तो कळ्या धरतो.

सूर्याचे घड्याळ दरवर्षी तेच. पावसाचे मात्र पुढेमागे होते. मोसमी पाऊस मुंबईत 2023 साली 25 जूनला पोहोचला आणि 2025 साली 26 मे रोजी. जवळजवळ महिन्याचा फरक! पावसावर चालणारी फुले लवकर येऊन गेली आणि सूर्यावर चालणारी आपल्याच वेळेला आली, तर मधल्या दिवसांत मधमाश्यांनी काय खावे? सोनकी, आभाळी, कुसळी गवत यांपैकी कोण कोणत्या घड्याळावर चालते? एका मोसमात हे कळत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की मुलांच्या हजेरीपटाशेजारी प्रत्येक शाळेत रानफुलांचाही हजेरीपट असावा. शिक्षक म्हणतील, “आधीच अभ्यासक्रम पुरा होत नाही!” पण हे काम आठवड्यातून अर्ध्या तासाचे आहे. माळावरची एक जागा ठरवा. दर शनिवारी तिथेच जा. पहिले फूल कधी दिसले, बहर कधी आला आणि कधी ओसरला, ते तारखेनिशी लिहा. सोबत पर्जन्यमापकातला पाऊस लिहा. एकही फूल नसेल तर तेही लिहा. ती गैरहजेरीही महत्त्वाची असते. फुले मात्र तोडू नका.

हा पट शाळेचाच हवा, एकट्यादुकट्या विद्यार्थ्याचा नव्हे. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. पाचवीत तिचा बहर पाहिलेला मुलगा पुढच्या बहराच्या वेळी दहावी होऊन गेलेला असतो. मुले पुढे जातात, वही मात्र राहिली पाहिजे.

अशा वहीचे मोल काय? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात आल्डो लिओपोल्ड यांनी 1935 ते 1945 या काळात फुलांच्या तारखा टिपून ठेवल्या. 2012 चा वसंत फार उबदार होता. तेव्हा तिथली अनेक रानफुले त्या जुन्या तारखांच्या मानाने कितीतरी आधी फुलल्याचे दिसून आले. तिथे बहर ठरतो तो मुख्यतः उष्णतेवर आणि आपल्याकडे पावसावर. पण बदल ओळखायची रीत एकच. लिओपोल्ड यांची वही नसती, तर “यंदा फुले लवकर आली वाटते,” एवढेच लोक म्हणाले असते.

हवामान बदलते आहे असे आपण रोज ऐकतो. आपल्या माळावर त्याने काय बदलले, हे दुसरे कोणी येऊन सांगणार नाही. आणि चुकलेली हजेरी मागाहून भरता येत नाही. तेव्हा येत्या पावसाळ्याआधी एक कोरी वही आणा, आणि तिच्या पहिल्या पानावर शाळेचे नाव लिहा.