आरएक्सला पॉलिश नको, माती द्या



परतीच्या पावसानं चार दिवस घरात बसवलंय. रानात वापसा नाही, छाटणी पुढं ढकलली, बागेत ट्रॅक्टर घातला तर तिथंच रुतून बसेल. म्हणून शेडमध्ये आरएक्सचं हेड खोललं होतं, त्याचा फोटो परवा इथं टाकला. त्यावर दोन प्रकारचे फोन आले. पहिला, "विकताय का? किती घेणार?" दुसरा, "या वयात शर्यती शोभतात का, आणि गावातल्या पोरांना काय वळण लावताय?" दोघांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. पटलं तर बघा, नाही पटलं तर भेटल्यावर भांडू.

आरएक्स 100 आपल्याकडं 1985 ला आली आणि 1996 ला बंद झाली. 98 सीसी, 11 बीएचपी, चार गिअर. आजची पोरं हे आकडे ऐकून हसतात. पण गाडीचं वजन शंभर किलोच्या आसपास, त्यामुळं ती जी सुटते ती सुटतेच. आमच्या वडिलांकडं राजदूत होती, दोन्ही बाजूला दुधाचे कॅन लावून डेअरीला जायचे. ती किक मारताना पोटरीवर उलटी बसायची. त्यानंतर मी सेकंडहँड आरएक्स आणली तेव्हा वडील म्हणाले होते, ही काय दुधाची गाडी नव्हे. बरोबरच होतं त्यांचं.

आता ह्याच गाडीला लाखाच्या घरात भाव सांगतात. घेणारे कोण? क्रोम करून, नवा रंग मारून, दिवाणखान्याबाहेर झाकून ठेवणारे. रविवारी काढायची, फोटो, परत कव्हर. ज्याचा पैसा त्याची हौस, मला काही म्हणायचं नाही. पण खिलार खोंड विकत घेऊन दावणीलाच बांधून ठेवला आणि वर्षात एकदा पोळ्याला हिंगूळ लावून मिरवला, तर त्याला आपण काय म्हणतो? तेच इथं म्हणतो.

दुसरी जात याच्याहून वाईट. सायलेन्सरची जाळी काढायची, रात्री दहाला फाट्यावर कर्कश आवाज करत फिरायचं आणि त्याचं रील काढायचं. पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात ते फोटो आपण बघतोच. मला वाईट वाटत नाही. जाळी काढली की आवाज वाढतो, ताकद वाढत नाही, उलट बऱ्याचदा खालचा ओढ जातो. हे का, ते थोडं सांगतो, कारण टू-स्ट्रोक आपल्या प्रत्येकाच्या शेडमध्ये आहे. पेट्रोलचा फवारणी पंप, ग्रास कटर, सगळी त्याच कुळातली.

आपण वाफ्याला पाटाचं पाणी देतो, शेवटचं दार बंद करायला उशीर झाला की भरलेलं पाणी तिकडून निसटतं. टू-स्ट्रोकमध्ये नेमकं तसंच होतं. जळालेला धूर बाहेर ढकलायला खालून ताजं मिश्रण येतं, आणि त्या वेळी बाहेरचं दार उघडंच असतं. थोडं ताजं पेट्रोल न जळताच निघून जातं. शर्यतीच्या गाडीला तो मधे फुगलेला सायलेन्सर, ज्याला चेंबर म्हणतात, तो यासाठी असतो. आवाजाची लाट त्याच्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि निसटलेलं मिश्रण मागं ढकलते, तेवढ्यात पिस्टन वर येऊन दार झाकतो. सगळा खेळ लांबीचा आणि वेळेचा. हातोडा घेऊन जाळी उपटणाऱ्याला हे कोण सांगणार.

मी मूळ ऑइल पंप काढून टाकलाय, पेट्रोलमध्येच मिसळतो, लिटरला 40 मिली. आणि शर्यतीला एरंडाचं रेसिंग ऑइल. हो, एरंडच. सोयाबीनच्या कडेला पानं खाणाऱ्या अळीसाठी सापळा पीक म्हणून लावतो तो. कितीही तापलं तरी ते तेल धातूला धरून राहतं, म्हणून जुन्या काळी विमानाच्या इंजिनातही तेच घालायचे. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा कॅस्टर म्हणजे एरंडावरूनच आलंय. शर्यतीच्या सकाळी तो गोडसर वास आला की माझी झोप खाडकन उडते.

ऑइल कमी पडलं किंवा जेट बारीक लागला, तर पिस्टन तापून सिलेंडरला चिकटतो आणि मागचं चाक जागेवर लॉक. म्हणून दोन बोटं कायम क्लचवर. प्लग काढून बघायचा, गुळासारखा तांबूस असला तर ठीक. पांढरा दिसला की थांबायचं, काळा ओला असला तर मिश्रण जाड आहे. पानाच्या रंगावरून अन्नद्रव्याची कमतरता ओळखणाऱ्या माणसाला हे शिकायला एक दिवस लागतो.

आता शर्यतीचं. पुणे, नाशिक, कोल्हापूर या भागात डर्ट ट्रॅक बऱ्याच वर्षांपासून होतात. नवख्यांचा गट, लोकल गट, देशी टू-स्ट्रोकचा गट, परदेशी गाड्यांचा वेगळा. पूर्वी टू-स्ट्रोकच्या गटात टीव्हीएस-सुझुकीच्या शोगनचा दबदबा होता, आम्ही आरएक्सवाले तिच्या मागची धूळ खायचो. मी आजपर्यंत एकदाही पहिला आलेलो नाही. मे महिन्यातल्या शर्यतीत नऊ गाड्यांत पाचवा. पण त्या नऊत माझ्याहून दुसरा कोणी पन्नाशीला टेकलेला नव्हता, आणि दोन पोरांना मी वळणावर मागं टाकलं ते गाडीच्या जोरावर नाही. मातीच्या जोरावर.

ट्रॅक मुरमाड माळावर होता, पण एका कोपऱ्यात ओढ्याकडची काळी भर पडलेली. टँकरनं पाणी मारलेलं. पोरं सगळी आतल्या बाजूनं कापत होती, कारण ते अंतर कमी. मी सकाळी पायी चक्कर मारली होती, त्या जागची माती मुठीत दाबून बघितली. लाडू झाला आणि फुटेना. म्हणजे तिथं पाणी जास्त, टायर चिखल उचलणार आणि बटणं भरून चाक गुळगुळीत होणार. बाहेरच्या बाजूला मुठीतला लाडू बोटानं दाबला की फुटत होता. म्हणजे वापसा. लांबून गेलो, पण टायरनं धरलं. टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखं गिअर टाकून आवरता येत नाही, एक्सलेटर सोडला तरी ती पुढं सरकतच राहते. त्यात पोर्टिंग केल्यावर ताकद सगळी वरच्या रेसला. खाली काहीच नाही आणि मग एकदम सगळं. म्हणून हाफ क्लचवर इंजिन जिवंत ठेवत वळायचं, उभं राहून, गुडघ्यानं टाकी धरून. तो एक कोपरा मी आठही फेऱ्यांत बरोबर काढला. बाकीच्या ट्रॅकवर माझी काय अवस्था होती ते विचारू नका.

तिथंच एक म्हातारबा कुंपणाशी उभे होते. म्हणाले, "आमच्या वाडीला आठ दिवसांनी टँकर येतो, आणि तुम्ही प्यायचं पाणी धुळीवर ओतताय." मला उत्तर सुचलं नाही, आणि अजून सुचलेलं नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, आपल्या दुष्काळी पट्ट्यात उन्हाळी शर्यती बंद करा. पावसाळा संपल्यावर महिनाभर माळाला आपसूक ओल असते, तेव्हा घ्या. टँकर लागत नाही, धूळ कमी, टायर धरतो. आम्हा द्राक्षवाल्यांची तेव्हा छाटणी आणि दावण्याची धावपळ असते, आमची हजेरी बुडेल. बुडू दे.

आता दुसऱ्या फोनचं उत्तर. इथं मला लिहायला जड जातंय.

माझा पुतण्या एकोणीस वर्षांचा. गेल्या गळीत हंगामात त्यानं माझी आरएक्स न विचारता काढली. रात्री फाट्यावर मित्रांबरोबर पैज, आणि पुढं उसाची ट्रॉली उभी, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकला, पाच महिने खाटेवर. वाचला हे नशीब. दादा त्या दिवशी एकच वाक्य बोलला, "ती गाडी विक, नाहीतर माझ्या दारात येऊ नको." मी विकली नाही. बांधाला बांध असून आम्ही दोघं आजही कामापुरतंच बोलतो. वहिनी आमच्याकडं भाकरी पाठवतात, दादा मान वर करत नाही.

चावी खुंटीला लटकत ठेवली ही चूक माझी, शंभर टक्के. पण गाडी विकली असती तर पोरगं दुसऱ्याची घेऊन गेलं असतं, हे मला माहीत आहे. कारण त्या वयात मीही गेलो होतो. बैलगाडा शर्यतींचं बघा. 2014 ला सुप्रीम कोर्टानं बंदी घातली. शर्यती थांबल्या का? पहाटे चोरून, आडबाजूच्या माळावर होतच होत्या, आणि तिथं ना डॉक्टर ना नियम. डिसेंबर 2021 ला अटी घालून परवानगी मिळाली, 2023 च्या मे महिन्यात कोर्टानं कायदाही मान्य केला. आता मैदानाला अर्ज करावा लागतो, जनावराची तपासणी होते. सगळं आलबेल झालं असं म्हणत नाही, पण चोरीपेक्षा बरं.

पोरांच्या अंगात जी रग आहे ती रस्त्यावर निघणार की माळावर, एवढाच प्रश्न आहे. माळावर समोरून ट्रॉली येत नाही. सगळे एकाच दिशेनं जातात. पडलं तरी माती असते, आणि अंगावर हेल्मेट, बूट, छातीला गार्ड असतं. शिवाय जुन्या आरएक्सवर चिखलात दोन फेऱ्या मारल्या की हात भरून येतात आणि मस्ती आपोआप उतरते. 2015 ला डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोषसुद्धा असल्या मातीच्या ट्रॅकवरूनच वर गेला. आपली पोरं डकारला जातील असं स्वप्न मी दाखवत नाही. घरी परत आली तरी पुरे.

माळावरही धोका आहे, ते झाकून ठेवणार नाही. तीन वर्षांपूर्वी एका ठिकाणी (नाव घेत नाही) उडीवरून उतरताना माझ्या गळ्याजवळचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्स नव्हती. "येतेय, येतेय" करत तासभर गेला, शेवटी ज्या पिकअपमधून गाडी आणली त्याच पिकअपमध्ये मला घातलं, क्रेटवर टेकून दवाखान्यात गेलो. त्या वर्षी खरड छाटणी मजुरांवर सोडावी लागली आणि काड्या कशाही राहिल्या. तेव्हापासून ट्रॅकवर उतरायच्या आधी मी माती बघतो आणि ॲम्ब्युलन्स बघतो. दुसरी दिसली नाही तर पिकअपमधून गाडी खाली उतरवतच नाही, भरलेली फी गेली तरी चालेल. तुम्हीही तसंच करा. बक्षिसाची रक्कम फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात छापणाऱ्याला आधी विचारा, डॉक्टर कुठं उभा राहणार?

आणि धुराचं. कोणी तरी म्हणणारच, टू-स्ट्रोक प्रदूषण करते म्हणून तर बंद झाली. खरंय. वर सांगितलंच, न जळलेलं पेट्रोल बाहेर टाकते. म्हणूनच ती रोजच्या रस्त्यावर नको. बाजाराला मी स्कूटर घेऊन जातो. वर्षातून चार-पाच दिवस माळावर वीस मिनिटं पळणारी गाडी आणि रोज गावातून धूर सोडत फिरणारी गाडी, यांना एका तागडीत घालू नका.

तर गाडी विकायची नाही. फोन करू नका.

पाऊस उघडला आणि माळाला वापसा आला की ओढ्यापलीकडच्या माझ्या पडीक तुकड्यावर रोटर न मारता फक्त दगड वेचून एक छोटी गोल चक्कर आखणार आहे. शर्यत नाही, बक्षीस नाही, फ्लेक्स नाही. एका वेळी एकच गाडी. हेल्मेट आणि घोट्याच्या वरपर्यंतचे बूट नसतील तर बघायला या, गाडी आणू नका. अठराच्या आतल्या पोरांनी वडिलांना सोबत आणायचं, चिठ्ठी चालणार नाही. पुतण्याला डॉक्टरांनी अजून गाडीला पाय लावू दिलेला नाही, त्याच्या हातात झेंडा देणार आहे. दादाला निरोप पाठवलाय, उत्तर आलेलं नाही.

सिलेंडरला आता दुसऱ्यांदा बोअर मारलाय. कोणाकडं 0.50 चा चांगल्या कंपनीचा पिस्टन-रिंग सेट पडून असेल तर सांगा, डुप्लिकेट नको. बदल्यात पैसे किंवा फेब्रुवारीत द्राक्षं, जे हवं ते.