झगमगाट कुणासाठी?

सालेकसाहून नागपूरला जाऊन आलेली मंडळी सांगतात, सायंकाळी सीताबर्डीत पाय ठेवायला जागा नसते. खरे आहे. पण दुकानांची शटर्स पडली की तोच रस्ता ओस पडतो. मुंबईच्या फोर्टातही तेच. कचेऱ्या सुटल्या की गर्दी चर्चगेट आणि सीएसएमटीकडे धावते, कारण तेथे राबणारे बहुतेक लोक तेथे राहत नाहीत.

शहर रात्री जागे राहावे म्हणून राज्याने २०१७ साली दुकानांचा नवा कायदा केला. जानेवारी २०२० मध्ये मुंबईतील मॉल व खाणावळी रात्रभर उघडण्यास मंत्रिमंडळाने मान्यता दिली. त्याच कायद्यात रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती, संरक्षण आणि घराच्या दारापर्यंत वाहन, अशा अटी आहेत. जादा कामाला दुप्पट मजुरी आहे. मात्र लहान दुकाने या अटींतून सुटतात.

बंधुभगिनींनो, आपली कितीतरी मुले-मुली शहरात अशा दुकानांत उभी आहेत. नोकरी धरतानाच हे मालकाला विचारायला त्यांना शिकवा. शेवटचे गिऱ्हाईक गेल्यावर आपली लेक सुखरूप घरी पोचली, तरच त्या शहराची रात्र चांगली म्हणायची.