फोटो मुरू द्या की जरा!

ऑगस्टमध्ये आम्ही सहा जण ठोसेघरला गेलो होतो. साताऱ्याहून सज्जनगडाच्या रस्त्याने वर चढलं की धुकं सुरू होतं. धबधबा आधी ऐकू येतो, मग दिसतो. तोही धुक्याची मर्जी असेल तर! त्या दिवशी होती. ट्रायपॉड लावला, आयएसओ १००, शटर अर्धा सेकंद आणि पाणी अगदी रेशमासारखं आलं. खरं तर फोटोला हात लावायची गरजच नव्हती. पण आपले हात शिवशिवतात ना?

परतीच्या एसटीत मी एडिटिंगला बसले. हिरवा रंग उतरवला, काळे भाग धुरकट केले, वर पिवळसर छटा आणि थोडासा ग्रेन. रेलिंग मध्ये येत होतं, खोडलं. कोपऱ्यात छत्रीवाल्या एक काकू होत्या, त्याही गायब. झाला ‘विंटेज लूक’ तयार! लगेच स्टोरी टाकली.

घरी बाबांना फोटो दाखवला. त्यांनी न बोलता कपाटातून अल्बम काढला. त्यात त्यांचा १९९६ मधला ठोसेघरचाच फोटो. पार लालसर पडलेला. “आमचा विटला म्हणून आम्ही हळहळतो आणि तू मुद्दाम विटवतेस?” बाबा म्हणाले. मला हसू आलं, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

गंमत म्हणजे त्या फोटोतल्या धबधब्याकडे आम्ही फार बघितलंच नाही. बघत बसलो ते आजीच्या हातातली वायरची पिशवी, आत्याचे दोन पेड आणि फ्रेममध्ये चुकून घुसलेला एक अनोळखी माणूस. मागे निळ्या शाईत तारीख आणि सगळ्यांची नावं. ३६ फोटोंच्या रोलमधला एक फोटो इथे खर्च झाला होता, म्हणून तो जपलाही गेला.

आता सेपियाचं ऐका. तो तपकिरी रंग निव्वळ हौसेचा नव्हता. कृष्णधवल प्रिंटमधल्या चांदीचं रसायनांनी सिल्व्हर सल्फाइड केलं की फोटो तपकिरी व्हायचा आणि जास्त वर्षं टिकायचा. म्हणजे जो रंग फोटो टिकवायच्या कामी यायचा, तो आपण २४ तासांत गायब होणाऱ्या स्टोरीला लावतो! आणि ते दुधासारखं पाणी? एकोणिसाव्या शतकात काचेच्या प्लेटवर फोटो उमटायला काही सेकंद लागायचे, त्यामुळे वाहतं पाणी आपोआप तसं यायचं. तेव्हाचा नाइलाज ही आज आपली स्टाइल झालीये.

एडिट करूच नका, असं मी म्हणत नाहीये. डार्करूममध्येही उजेड-सावलीचे खेळ चालायचेच. रंगांशी खुशाल खेळा. पण जे समोर होतं, ते खोडू नका. मी रेलिंग खोडलं, तेव्हा ‘फ्रेम क्लीन झाली’ एवढंच वाटलं. पण उद्या तो फोटो बघून कुणाला तिथे अगदी कड्यापर्यंत जाता येतं असं वाटलं तर? धबधब्यावर पाय घसरून गेलेल्यांच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. आणि छत्रीवाल्या काकूंचं म्हणाल, तर तीस वर्षांनी माझी मुलं धबधबा सोडून कदाचित त्यांच्याकडेच बघत बसतील.

मग मी काय केलं? ओरिजिनल फोटो पुन्हा उघडला. हिरवा तसाच, रेलिंग तसंच, काकूही जागेवर. कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून प्रिंट काढून आणली, मागे तारीख आणि आम्हा सहा जणांची नावं लिहिली आणि बाबांच्या अल्बममध्ये त्यांच्या फोटोशेजारी लावली.

तुमच्याही गॅलरीत या पावसाळ्यातले शे-दोनशे धबधबे पडून असतील. त्यातला एक निवडा, प्रिंट काढा आणि मागे नावं लिहा. विंटेज तो आपला आपण होईल.