चौदाचा हिशेब

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागले की टोकावडे मागे टाकून वैशाखरे येते. त्या अंगाच्या एका वाडीत आमची थोरली बहीण दिली आहे. गेल्या महिन्यात दोन दिवस तिच्याकडे गेलो होतो. अंगणात नवा कोरा टेम्पो उभा. काचेवर निळ्या अक्षरांत ‘जयभीम’ आणि नंबर ‘००१४’. भाच्याने आम्हाला हाताला धरून गाडीभोवती फिरवले.

"मामा, बघा नंबर! सहज नाय मिळाला. नवी मालिका सुरू होईस्तोवर दीड महिना थांबलो. जादा फी भरली ती वेगळी."

"आणि तोवर गाडी?"

"शोरूमलाच होती."

"आणि हप्ता?"

भाचा हसला. हप्ता काही नंबरासाठी थांबत नाही. तो सुरू झाला होता, आणि भेंडी-काकडीचे दिवस निघून चालले होते.

वाचकहो, यात हसण्यासारखे काही नाही. आपल्या वस्तीत १४ हा आकडा कोणाला प्रिय नाही? भाची चहा घेऊन आली, आठवी नुकतीच पास झालेली. तिने तर बोटांवर मोजून दाखवले. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१. रामजीबाबा आणि भीमाबाईंचे ते चौदावे अपत्य. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४. आणि संविधानात कायद्यापुढे सर्व समान, हे कलम कितवे? चौदावे! आम्हीही भर घातली. मणिभवनात बाबासाहेब आणि गांधीजींची पहिली भेट झाली ती १४ ऑगस्ट १९३१ला. भाच्याला आणखी जोर आला. म्हणाला, "मग मामा, एवढं सगळं उगाच जुळतं का?"

प्रश्न खरा होता. त्या रात्री ओटीवर बसून आम्ही चौदाचा हिशेब मांडला.

आधी दुसऱ्यांच्या घरातले चौदा पाहू. रामाचा वनवास चौदा वर्षांचा. समुद्रमंथनातून निघाली ती रत्ने चौदा, आणि त्यावरूनच आमच्या मास्तरांची छडी ‘चौदावे रत्न’ झाली. त्या रत्नाचे दर्शन आम्हाला पुष्कळदा घडले आहे. भुवने चौदा, विद्या चौदा. अनंत चतुर्दशीला हातात बांधतात त्या दोऱ्याला गाठी चौदा. पानिपतचा घात झाला तोही १४ जानेवारीला, १७६१ साली. म्हणजे ज्या तारखेला मराठवाड्यात गुलाल उधळला गेला, त्याच तारखेने कधी काळी महाराष्ट्रात घरोघर सुतक आणले होते. आकडा शुभ म्हणावा की अशुभ? २०२० मध्ये मुंबईहून गावी आलेल्या माणसांना चौदा चौदा दिवस वेगळे ठेवले, तेव्हा तर हा आकडा नकोसा झाला होता.

इतक्या ठिकाणी चौदाच का, याचे एक साधे कारण डोक्यावर असते. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत चंद्राला पावणेपंधरा दिवसांच्या आसपास लागतात, आणि आठवडा सातांचा, त्याची दुप्पट चौदा. ज्यांना घड्याळ नव्हते, दिनदर्शिका नव्हती, त्यांनी आकाशावरच दिवस मोजले. आपल्या उपोसथाच्या तिथीही तशाच आहेत: पक्षाची अष्टमी, चतुर्दशी आणि पंधरावा दिवस. त्या दिवशी लोक धम्म ऐकायला जमत. चंद्राचा उपयोग दिनदर्शिकेसारखा केला, एवढेच.

बौद्ध ग्रंथांतला आणखी एक चौदा फार मजेचा आहे. जग शाश्वत की अशाश्वत, तथागत मरणानंतर असतो की नसतो, अशा काही प्रश्नांना भगवान बुद्धांनी उत्तर द्यायचे नाकारले. पालीत हे प्रश्न दहा आहेत. पुढच्या संस्कृत ग्रंथांत तेच चौदा झाले. विषारी बाण लागलेला माणूस बाण काढू न देता मारणाऱ्याचे कुळ आणि गोत्र विचारत बसला तर काय होईल, हा दृष्टांत याच प्रश्नांच्या संदर्भात आहे. बुद्धांनी प्रश्न बाजूला ठेवले, आणि मागून आलेल्यांनी त्यांची संख्या वाढवली! माणसाला मोजायची हौस किती असते ते यावरून दिसते.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाचा म्हणाला, "चला, नाणेघाट दाखवतो." गाडी पायथ्याला लावली आणि गडी पुढे, आम्ही धापा टाकीत मागे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला चढत असे. माथ्यावर सातवाहनांचे लेणे आहे आणि त्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. आपण शाळेत जे आकडे गिरवतो त्यांच्या पूर्वजांपैकी फार जुने आकडे इथे दगडात आहेत. शून्य नाही. दहाची खूण आणि सातची खूण शेजारी ठेवली की सतरा. चौदा लिहायचे तर दहा आणि चार. भाच्याने मोबाईलच्या उजेडात भिंत बारकाईने पाहिली. आपला आकडा शोधत असावा.

आम्ही त्याला सांगितले, बाबा, आकडे कशाचे आहेत ते आधी बघ. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ केले, त्यांत दिलेल्या दक्षिणेची ती यादी आहे. गायी ११०१, चांदीची भांडी १७, कार्षापण नाणी २४,४००. डोंगर ज्यांनी फोडला त्यांना काय दिले, त्याचा आकडा या यादीत नाही.

हे आकडे वाचून दाखवणारे पंडित भगवानलाल इंद्रजी. त्यांनीच १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप उकरला आणि तिथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळवला. सोपारा तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघरमध्ये गेले. अशोकाचे मोठे शिलालेख एकंदर चौदा. पुन्हा चौदा! भाचा खुलला. पण गिरनारला आणि कालसीला चौदा आहेत, तर ओडिशात धौली-जौगडला अकरावा, बारावा, तेरावा कोरलाच नाही. कलिंगची कत्तल ज्या तेराव्या लेखात सांगितली आहे, तो कलिंगातच लावला नाही आणि तिथल्या लोकांसाठी वेगळे दोन लेख दिले. लोकांना काय सांगायचे याकडे राजाचे लक्ष होते. संख्या पुरी करण्याचा हट्ट त्याने धरला नाही.

सोपाऱ्याचा दुसरा तुकडा भुईगावला सापडला, १९५६ साली. होय, धम्मदीक्षेच्याच साली. तो नवव्या लेखाचा आहे. त्यात अशोक म्हणतो काय? लोक आजारपणात, लग्नकार्यात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेचे मंगलविधी करतात. त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे दासांशी आणि नोकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान, प्राण्यांविषयी संयम, दान. आपण घरोघर मंगलसुत्त म्हणतो, त्याचीही शिकवण हीच आहे. नाणेघाटाच्या भिंतीवर यज्ञाची गणती, आणि त्याच्याही पूर्वी, याच वाटेच्या खालच्या टोकाला, पहिल्याच लेखात यज्ञासाठी प्राणी मारू नका म्हणणाऱ्या राजाची दगडी अक्षरे. एवढा इतिहास आपल्या दारातून जातो आणि आपण आकडा पाहतो नंबरप्लेटवर!

घाट उतरताना भाचा गप्प होता. मग म्हणाला, "पण बाबासाहेबांची तारीख?"

त्याचे उत्तर असे. जन्माची तारीख कोणी निवडत नाही. १९५६ साली बाबासाहेबांनी निवडला तो अशोक विजयादशमीचा दिवस. त्या वर्षी तो १४ ऑक्टोबरला आला, म्हणून आजही कोणी तारखेला दीक्षाभूमीवर जातो, कोणी दसऱ्याला. येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ची. महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले ती २० मार्च, मनुस्मृती जाळली ती २५ डिसेंबर. चौदाचा वाट पाहत कोणी बसले नाही. आणि समतेचे कलम? १९४८च्या मसुद्यात समतेचे हे शब्द पंधराव्या कलमात होते. अस्पृश्यता नष्ट करणारे आजचे सतरावे कलम तेव्हा अकरावे होते. पुढे कलमांची फेरमांडणी झाली आणि समता चौदाव्या जागी आली. ती तेराव्या जागी आली असती तरी तिच्या किमतीत फरक पडला नसता.

एक चौदा मात्र असा आहे की तो बाबासाहेबांनी उभे राहून राखला. २३ नोव्हेंबर १९४८, संविधान सभा. मुलांना चौदा वर्षे पुरी होईपर्यंत मोफत आणि सक्तीचे शिक्षण, या कलमावर चर्चा होती. एका सदस्याचे म्हणणे, सक्ती फक्त प्राथमिक शिक्षणापुरती ठेवा. बाबासाहेबांनी ते मानले नाही. त्यांचा मुद्दा सरळ होता. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर लावू नये असे आपणच दुसऱ्या कलमात म्हणतो. मग ते मूल तोवर शाळेतच असले पाहिजे. नाहीतर ते जाईल कुठे? ही दोन कलमे पुढे ४५वे आणि २४वे झाली. दहा वर्षांत हे करायचे असे ४५व्या कलमात होते. २००२च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा तो मूलभूत हक्क झाला आणि कायदा प्रत्यक्ष लागू झाला १ एप्रिल २०१०ला. दहा वर्षांचे साठ झाले. मधल्या काळात आपल्याच शहापूर-मुरबाडच्या किती पोरांनी वीटभट्टीवर विटा थापल्या, कातकरी वाड्यांत जाऊन विचारावे.

हे सारे आम्ही घरी येऊन दाजींच्या समोर सांगत होतो, तेव्हा दाजी म्हणाले, "बरोबर बोललात. पोरीला चौदा पुरी झाली. कायद्यानं शिकवायचं तेवढं शिकवलं. आता घरी राहू दे."

चहाचे कप उचलता उचलता भाची थांबली.

आम्ही गप्पच झालो. गावच्या शाळेत आठवीपर्यंतच वर्ग. नववीला मोठ्या गावात जायचे. एस.टी.चा पास मुलींना फुकट मिळतो, पण हमरस्त्याचा फाटा वाडीपासून तीन किलोमीटर, मधे रान. दाजींची काळजी खोटी नव्हती. पण बाबासाहेबांनी ‘चौदापर्यंत कमी करू नका’ म्हणून धरलेली रेघ, ती आमच्याच घरात ‘चौदाच्या पुढे नको’ अशी वाचली जाईल असे कधी वाटले नव्हते. कायदा चौदाला हात सोडतो. ज्या नंबरासाठी भाच्याने दीड महिन्याचा धंदा बुडवला, त्याच नंबरावर त्याच्या बहिणीची शाळा थांबत होती.

बोलला तो भाचाच. "बाबा, मी पहाटे कल्याणला माल टाकून दहापर्यंत परत येतो. तिला फाट्यावर मी सोडीन. शेजारच्या कातकरवाडीतल्या दोघी पण नववीला आहेत, त्यांना पण घेईन."

ताई म्हणाली, "आणि संध्याकाळी? थंडीच्या दिवसांत सहालाच काळोख पडतो."

यावर कोणाकडे उत्तर नव्हते. भाचा संध्याकाळी शेतावर माल भरायला असतो, दाजी कामावरून उशिरा येतात. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग कोपऱ्यातून ताईच्या सासूबाई, ज्यांना सारी वाडी आजी म्हणते, पाटावरून उठू लागल्या.

"मी जाईन की फाट्यावर. बॅटरी घेऊन. मला काय काम असतं?"

"आधी तुमचा गुडघा बघा, आत्याबाई," ताई म्हणाली.

"गुडघा माझा हाय. मी बघीन."